सुईवाली

"डबा उचल आणि बाहेर हो," वस्ताद म्हणाले.

तांबोळी सिस्टर निळा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन तालमीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. आत यायची त्यांना परवानगी नव्हती आणि परत जायची त्यांची तयारी नव्हती. वस्तादांच्या हातातली वेताची छडी डब्याच्या झाकणावर टेकलेली होती. आम्ही पोरी मातीनं माखलेल्या, आखाड्यात उभ्या. कुणी हलत नव्हतं.

"हिंदुरावदादा, तापाची लस आहे ही," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या वैऱ्यानं पाठवलेली नाही. इंगवले डॉक्टरीणबाईंनी पाठवलीय."

"सुई हाय का न्हाई आत?"

"सुई नसेल तर टोचू कशानं? बोटानं?"

आमच्यातली कुणीतरी फिसकन हसली. वस्तादांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"हसा, मेंढरांनो, हसा," ते म्हणाले. "बाई, ह्या आखाड्यात सुई आलेली न्हाई आणि येणार न्हाई. मारुतीम्होरं बोललोय मी."

तालमीबाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे 'सुई' या शब्दाला एकच अर्थ. चोरून घ्यायची, महिन्याभरात दंड-मांड्या फुगवणारी सुई. 'त्यो सुईचा पैलवान हाय' एवढं कुणी म्हटलं की त्यानं मारलेली सगळी मैदानं पुसली जायची. वस्तादांनी मुलींची तालीम काढली तेव्हा नारळ फोडून नियम केला तो हाच. तो इतका कडक की पायात काटा मोडला तर आम्ही तो बाभळीच्या काट्यानं काढायचो. फाटलेलं शिवायची सुईसुद्धा घरात असायची, तालमीत नाही. एखादीला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं तर ती गावी जाऊन घ्यायची आणि परत आल्यावर तोंड मिटून बसायची.

त्या वर्षी आमच्या भागात फ्लूचा ताप फिरत होता. साधा नव्हे, छाती भरणारा. नदीपलीकडच्या गावात एक पोटुशी बाई आठवड्याच्या आत गेली. तिला मी ओळखत नव्हते, पण तिची बातमी आली त्या दिवशी केशरवहिनीनं भाकरी थापता थापता हात थांबवला होता, ते मी पाहिलं होतं.

केशरवहिनी म्हणजे वस्तादांची धाकटी सून. नवरा फौजेत, दूर कुठंतरी बर्फात. तालमीत राहणाऱ्या आम्हा पोरींचं सगळं रांधणं तिच्याकडे. तिचं पोट तेव्हा चांगलंच पुढं आलं होतं. आमच्या खुराकाची अंडी ती फडक्यात धरून पातेल्यात सोडायची, कारण अंडं तिला वैरी होतं. लहानपणी मामाच्या घरी एक घास पोटात गेला, तर ओठ-जीभ सुजून श्वास कोंडला आणि तिला मरणाच्या दारातून ओढून आणावं लागलं. ही लस अंड्यात वाढवतात म्हणून डॉक्टरीणबाई तिला द्यायला तयार होईनात. आता म्हणे देतात. पण तेव्हा आमच्याकडे आत्ताचा डॉक्टर नव्हता, तेव्हाचाच होता.

"हिला देता येत नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी वहिनीबरोबर तपासणीला गेले होते, मी ऐकलंय. "मग हिच्या अवतीभवती जी जी माणसं आहेत, त्यांना सगळ्यांना देऊ. ताप काही उडत येत नाही. कुणीतरी घेऊन येतं. त्या कुणीतरीलाच अडवायचं."

म्हणून तो निळा डबा आला होता. आणि म्हणून मी आखाड्यात उभी राहून चडफडत होते.

"म्हाताऱ्या-कोताऱ्यांना टोच, आजाऱ्यांना टोच," वस्ताद सिस्टरना सांगत होते. "माज्या पोरी दगड हायत. ह्या मातीत हळद हाय, ताक हाय, लिंबू-तेल मुरवलंय. ती माती रोज अंगाला. ह्यांना कसला ताप येतोय?"

"नाही येणार. आला तरी दोन दिवसांत उठतील, मान्य," सिस्टर म्हणाल्या. "त्या दोन दिवसांत ताटं कुणाच्या हातात देतील? पाणी कुणाच्या कळशीतलं पितील? दगडाचं मला काय सांगता, दादा. दगड कुणाच्या डोक्यात पडतोय ते बोला."

वस्तादांचा चेहरा लाल झाला. "बाई माणूस हायस म्हणून..."

"वस्ताद," मी म्हणाले. "मला टोचू द्या."

सगळ्या पोरी माझ्यापासून नकळत एक एक पाऊल लांब झाल्या.

"काय म्हणालीस?"

"मी घेतो सुई." आमच्याकडे बायकासुद्धा घेतो, जातोच म्हणतात.

"जयमाले, म्हैन्यावर जिल्ह्याची निवड हाय. सुई घेतलेला दंड उचलत न्हाई."

"उचलंल."

"आज ही घेशील, औषध म्हणून. एकदा भ्या मेलं की उद्या दुसरी घेशील, ताकदीची. मी बघितलंय. तुमी न्हाई बघितलं."

म्हातारा मूर्ख नव्हता. त्याचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मला केशरवहिनीचा थांबलेला हात दिसत होता. आणि दुसरं एक, खरं तेच सांगते. मला त्या छडीचा राग होता. पोरींना मातीत उतरवलं म्हणून गाव ज्यांना शिव्या देत होतं, जे सगळ्या गावाला पुरून उरले, तेच वस्ताद आमच्यासमोर दुसरं गाव होऊन उभे होते.

"पैज लावतो," मी म्हणाले. "आत्ता दंडात टोचून घेतो. उद्या सकाळी गजराबरोबर लढतो. जिंकलो तर सगळ्यांनी घ्यायची. तुमीसुद्धा. हरलो तर गाठोडं उचलतो."

गजरा येडगे आमच्या तालमीतली सगळ्यात भारी पोर. डोंगरातल्या धनगरवाड्यावरची. वळू अंगावर आला तरी बाजूला व्हायची नाही. मी तिला आजवर एकदाच पाडलं होतं आणि त्या दिवशी तिचं पोट बिघडलं होतं.

गाठोडं उचलून जायचं कुठं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. घरी आईनं एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलगा पतपेढीत, त्याला कुस्तीतली बायको नको होती. तालीम सुटली की माझं लग्न ठरलेलं.

वस्तादांनी छडी डब्यावरून काढली. "टोच तिला," ते सिस्टरना म्हणाले. "उंबऱ्याभायेर."

मी आखाड्यातून बाहेर आले, उंबरा ओलांडला, बाही वर केली. सिस्टरनी दंडावरची माती ओल्या कापसानं पुसली. पुसता पुसता हळूच म्हणाल्या, "कशाला असली पैज लावलीस गं, वेडे? हरशील."

"टोचा तुमी."

मुंगी चावावी इतकंच. एवढ्याशा गोष्टीसाठी माझं आयुष्य मातीत ठेवलं होतं मी.

सकाळी दंड ठणकत होता. गळू झाल्यासारखा. मी कुणाला सांगितलं नाही. सिस्टर डबा घेऊन पुन्हा उंबऱ्यावर हजर. केशरवहिनी घराच्या मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. तिला पैजेचं कळलं होतं. आदल्या संध्याकाळी ताट वाढताना ती मला म्हणाली होती, "जयू, माज्यापायी असलं काय करू नगंस. तुजं आयुष्य हाय." मी म्हणाले, "वहिनी, भाकरी वाढ."

आम्ही सलामी दिली. मूठभर माती एकमेकींच्या अंगावर टाकली. गजरानं हात भिडवला आणि तिच्या डोळ्यात मला काही दिसेना. ना राग, ना कीव. तिनं मला पहिल्या झटक्यात खाली आणलं. मी सुटले. पुन्हा भिडलो. मी तिच्या पायांना हात घालून पट काढायला घुसले आणि क्षणभर ती डळमळली, पोरी ओरडल्या, मलाही वाटलं जमलं. तेवढ्यात तिनं माझी मान काखेत घेतली, कंबर वळवली आणि आभाळ माझ्या पायांकडून डोक्याकडे गेलं. पाठ मातीला लागली. खांदे लागले. संपलं.

वस्ताद माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "दंडानं दगा दिला न्हवं?"

"दंडानं न्हाई," मी पडल्या पडल्या म्हणाले. "गजरानं."

गजरानं मला हात देऊन उठवलं. मग वस्तादांचे पाय शिवायला जायच्या ऐवजी ती सरळ चालत उंबऱ्याकडे गेली, बाहेर पाय टाकला, बाही खांद्यापर्यंत चढवली आणि सिस्टरच्या पुढ्यात बसली.

"गजरे!" वस्ताद ओरडले. "ती हरलीया!"

"व्हय की. मीच हरवलंय तिला."

"मग?"

"पैज तिची हुती, वस्ताद. मी कुठं लावलीवती?"

सिस्टर सुई हातात धरून तशाच थांबल्या.

"आमच्या वाड्यावर टोचणारा आला की सगळ्या मेंढरांना टोचतोय," गजरा म्हणाली. ती एरवी दिवसभरात चार शब्द बोलायची नाही. "धष्टपुष्ट हाय म्हणून एखादं सोडत न्हाई. जे सोडलं ते बाकीच्यांना घिऊन जातंय."

"तू मेंढरू हायस का?"

"तुमीच तर म्हणतासा रोज."

पहिल्यांदा सिस्टर हसल्या, मग पोरी. हसता हसताच एक पोर आखाड्याबाहेर पडली. मग दुसरी. मंदा मोहिते, जी पावसाला आणि पालीला घाबरायची, ती डोळे मिटून रांगेत उभी राहिली. आखाडा रिकामा झाला. त्यात वस्ताद आणि मी.

ते मारुतीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं आता छडी माझ्या पाठीत बसणार. ते बोलले ते मात्र इतक्या खालच्या आवाजात की मला जवळ जावं लागलं.

"ह्या तालमीतली पैली सुई मीच आणलीवती."

मी आणखी जवळ सरकले.

"उदयसाठी. माजा थोरला, ही पोरांची तालीम हुती तवा. मैदान चार दिसांवर हुतं. एकजण म्हणाला, औषध हाय, ताकदीचं. उदय नगं म्हणत हुता. भ्यायचा सुईला, एवढा गडी. मी त्याचा हात धरला. ह्या हातानं." त्यांनी उजवा हात पुढं केला. "मैदान मारलं त्यानं. मग आणखी घेतल्या. मग मूत्रपिंडं गेली. पंचविशीचा झाला नव्हता."

थोरला मुलगा आजारानं गेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. भिंतीवर त्याचा गदा खांद्यावर घेतलेला फोटो होता आणि त्याला रोज हार असायचा.

दुसरी कुणी असती तर त्या क्षणी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. मी म्हणाले, "मग त्या सुईवर राग धरा. हिच्यावर का?"

"सगळ्या सारख्याच दिसत्यात, पोरी," ते म्हणाले.

मग त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा वस्ताद झाले. "गाठोडं उचल, जयमाले."

"न्हाई."

"शब्द दिलावतास."

"मोडला."

लोक म्हणतात शब्द पाळावा. पाळावा. पण मी गेले असते तर वस्तादांची पोरींवरची जरब दुपारपर्यंत परत आली असती. पुढच्या खेपेला सिस्टर आल्या असत्या तेव्हा कुणी तोंड उघडलं नसतं. मी आखाड्यात मांडी घालून बसले. "उचलून फेका मला," म्हणाले. "पण चालत जाणार न्हाई."

त्यांनी छडी भिंतीला टेकवली. मग घरात गेले, आपली वळकटी घेऊन आले आणि तालमीच्या माळ्यावर चढायला लागले. शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाले, "मी सुई घेणार न्हाई. मारुतीला दिलेला शब्द हाय, तुज्यासारखा न्हाई माजा. पण केशरचं पोर येस्तवर घरात पाऊल टाकणार न्हाई. आता बोल."

सिस्टर म्हणाल्या, "दादा, त्यापेक्षा एक मुंगी चावून घ्या की." वर वळकटी उलगडल्याचा आवाज आला.

आणि म्हातारा खरंच घरात गेला नाही. ताट मी शिडीखाली ठेवायची. ते छडीनं फळीवर ठोकायचे, म्हणजे ठेव आणि जा. माझ्याशी बोलणं बंद. डाव शिकवताना मला सोडून बाकीच्यांना शिकवायचे. मी त्यांचं बाकीच्यांना शिकवणं बघून शिकले. निवड झाली, मी हरले. गजरा जिंकली.

ताप आला तो पुढं. मंदाला आला, लस घेऊनसुद्धा. लस म्हणजे काही दार-खिडक्या बंद केलेलं घर नव्हे, हे सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत निजवलं, हलकाच होता, उतरला. बाकी कुणाला लागण झाली नाही. आणि मग वस्ताद शेजारगावच्या मैदानात पंच म्हणून गेले आणि अंगात भट्टी घेऊन आले.

तीन माणसांनी धरून न हलणारा तो देह माळ्यावर कण्हत पडला. छाती वाजत होती. शिडी चढून वर जायचो आम्ही, गजरा आणि मी, तोंडाला फडकी बांधून. खाली अंगणात, चिंचेपलीकडे केशरवहिनी उभी राहायची आणि ओरडून विचारायची, "मामंजी, पेज पिलासा का?"

"लांब हो!" ते ओरडायचे, आणि मग खोकल्यानं दुमडून जायचे. "ए जयमाले, तिला लांब कर. अजून लांब कर!" अबोला धरल्यानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावायला सांगितलं. सिस्टर शिडी चढून आल्या. मारुतीच्या आखाड्यावर, बरोबर वर, नियम केल्यानंतरची पहिली सुई शिरली ती वस्तादांच्याच हातात.

"ही कुठल्या नियमात बसवायची, दादा?" सिस्टरनी शीर शोधता शोधता विचारलं.

"गप टोच," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते वाचले. दणकट होते म्हणून वाचले असतील. तो ताप घेऊन ते माळ्याऐवजी घरात, पोटुशा केशरवहिनीजवळ असते तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

तिला मुलगी झाली. दवाखान्यात टोचायची पहिली लस काही कारणानं राहिली होती, म्हणून सिस्टर पुन्हा निळा डबा घेऊन आल्या, या वेळी घराच्या ओसरीवर. वस्ताद वळकटी घेऊन घरात परत आले होते, पण पोरीला अजून हातात घेतलं नव्हतं. लांबूनच बघायचे.

"हात धरायला पायजे कुणीतरी," सिस्टर म्हणाल्या. वहिनीला बघवेना, तिनं तोंड फिरवलं. मी पुढं झाले.

"तू न्हाई," वस्ताद म्हणाले. "आण हिकडं."

त्यांनी मांडी घातली. पोर मांडीवर घेतली. तो एवढासा दंड त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत दिसेनासा झाला.

"ही ताकदीची हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, दादा. हिनं कसली ताकद येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग टोच."

पोर कळवळून रडली. वस्तादांनी तिला छातीशी धरलं, तिच्या डोक्यावरून ओठ फिरवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता जा तू."

"कुटं?"

"कुटंबी. मी घरात येणार न्हाई म्हणालो, आलो न्हाई. तू जातो म्हणालीस, गेली न्हाईस. पोर येस्तवर गप बसलो. सुईचं तुजं खरं हुतं. शब्दाचं माजं खरं हाय."

मी रडले नाही. पायाही पडले नाही. आखाड्यात गेले, ओंजळभर माती उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओढणीच्या पदरात गाठ मारून बांधली. छडी त्यांच्या शेजारीच होती. त्यांनी ती उचलली नाही.

पतपेढीवाल्याला मी नाही म्हणाले. पुढची वर्षं कशी काढली ते इथं सांगत नाही, ती वेगळी भांडणं आहेत. तालुक्याच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या जागेत मी आखाडा खणला आणि ती ओंजळ पहिल्यांदा त्यात टाकली. आज माझ्याकडे पोरी आहेत, मैदानं मारतात. दरवर्षी सिस्टर डबा घेऊन येतात, आता केस पांढरे झालेत त्यांचे. एखादी पोर म्हणतेच, "मला कशाला, मी कधी आजारी पडत न्हाई." मी म्हणते, "तू दगड हायस, ठाऊक हाय मला. रांगेत हो."

मैदानावर मला 'सुईवाली' म्हणतात. माझी पोर जिंकली की हरलेल्या तालमीचा कुणीतरी ओरडतो, सुईवालीची पोर हाय, काय नवल! त्यांना कुठली सुई म्हणायची आहे ते मला कळतं. माझ्या पोरींची तपासणी हवी तितक्या वेळा करा. आणि दुसऱ्या, निळ्या डब्यातल्या सुईबद्दल म्हणाल, तर ओरडा. अजून मोठ्यानं ओरडा.

गेल्या वर्षी दारात एक म्हातारा उभा राहिला, सोबत ताठ मानेची पोरगी. केशरवहिनीची. अंडं तिलाही चालत नाही.

"हिला मातीत घे," वस्ताद म्हणाले.

"घेतो. या आत."

"मी आत येत न्हाई. टोचून घेतल्याबिगर आत न्हाई, तुज्या दाराचा नियम ठाऊक हाय मला."

"मग घ्या की टोचून. सिस्टर सोमवारी येणार हायत."

"न्हाई."

"मग बसा भायेर," मी म्हणाले.

ते बाहेर बसले. अजून बसतात. पोरगीला घेऊन सकाळी येतात, उंबऱ्यापलीकडे घोंगडं टाकतात आणि तिथूनच ओरडतात, पाय मागं घे, मान दाब, मेंढरागत काय उभी ऱ्हायलीस! मी त्यांना आत घेत नाही आणि ते दंड पुढं करत नाहीत. चहा मात्र मी उंबऱ्यावर नेऊन देते.

परवा रस्त्यानं जाणाऱ्या कुणा परगावच्या माणसानं गाडी थांबवून त्यांना विचारलं, "बाबा, ही तालीम कुणाची?"

मी आत एका पोरीची मान काखेत धरून उभी होते. मला स्पष्ट ऐकू आलं. म्हाताऱ्यानं छडी जमिनीवर आपटली.

"सुईवालीची," ते म्हणाले. "माज्या हाताखालची हाय ती."